बाटलेली भुई

“मला एवढंच सांगा बाबा, आमचा बिशप जिवंत आहे का मेला?”

फादर अन्सेल्मो मठाच्या अंगणात शिरला तो असा ओरडतच. ना नमस्कार, ना चमत्कार. डोंगर चढून आल्याने छाती धपापत होती आणि काळा झगा गुडघ्यापर्यंत धुळीने माखला होता.

म्हातारा साधू फ्रा गौदेन्सो कबरींमधलं गवत उपटत बसला होता. त्या एवढ्याशा मठात होऊन गेलेले सगळे साधू त्याच अंगणात पुरलेले होते. त्याने मान वर केली नाही.

“जिवंत असेल,” तो म्हणाला. “मेला असता तर आपल्याला घंटा वाजवायला सांगितलं असतं.”

“मग आहे कुठे?”

“रोममध्ये.”

“तिथे करतो काय?”

“या घटकेला? जेवत असेल. वेळ जेवणाचीच आहे.”

अन्सेल्मोने हातातली काठी जमिनीवर आपटली. म्हाताऱ्याने आणखी एक मूठ गवत उपटलं.

आता हा राग उगाच नव्हता, हे आधी सांगायला हवं. ही गोष्ट पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीतली, वाल्मोरा नावाच्या डोंगराळ धर्मप्रांतातली. नकाशात शोधू नका, सापडायचा नाही. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या हवाली केलेली गावं. बिशप म्हणजे त्या गावांचा मेंढपाळ. त्याच्या हातातली काठीसुद्धा मेंढपाळाचीच असते, वरून वाकवलेली.

आणि वाल्मोराच्या मेंढपाळांनी मेंढरांचं तोंडही पाहिलं नव्हतं!

पोपच्या दरबारात ज्याची चलती असेल त्याच्या पुतण्याला, भाच्याला, मेव्हण्याला हे पद मिळायचं. एक जण बिशप झाला तेव्हा त्याला मिसरूड फुटलं नव्हतं. दुसरा एकदाच आला, तो रानडुकराच्या शिकारीला. डुक्कर मिळालं नाही म्हणून वाल्मोराला शिव्या घालत परत गेला. आत्ताचा तर आलाच नव्हता. धान्य, द्राक्षाची दारू, लोकर मात्र दर हंगामाला बिनचूक रोमच्या वाटेला लागायची. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!

वाल्मोराच्या कॅथेड्रलमध्ये बिशपची उंच खुर्ची होती. तिच्यात एकदा मांजर व्याली. लोक म्हणाले, बरं झालं, कुणीतरी बसलं तरी.

एवढंच असतं तर हसण्यावारी नेता आलं असतं. पण काही कामं अशी होती की ती बिशपखेरीज कुणाला करताच येत नसत. तिथेच काप्रेत्ता गावाचं गाडं अडलं होतं. अन्सेल्मो त्या गावचा धर्मगुरू.

“मी स्वतः रोमला गेलो होतो, बाबा,” तो म्हणाला. “त्याच्या दारात भिकाऱ्यासारखा उभा राहिलो. कारभारी बाहेर आला. मी म्हटलं, वाल्मोराहून आलोय. तर तो म्हणतो कसा, वाल्मोरा? ते आमच्याकडे आहे का?”

म्हातारा खुदकन हसला.

“हसताय काय!”

“मग काय करू? रडलो होतो. तुझ्या जन्माआधी. तेव्हा दुसरा बिशप होता.”

“तुम्हाला राग येत नाही?”

“राग?” म्हाताऱ्याने प्रथमच वर पाहिलं. त्याचे डोळे काही साधूला शोभणारे नव्हते. “तो माणूस माझ्यासमोर आला ना, तर त्याची काठी काढून घेऊन त्याच्याच पाठीत घालीन. पण तो येत नाही. म्हणून गवत उपटतोय.”

अन्सेल्मोला जरा बरं वाटलं. तो दगडी कठड्यावर टेकला.

“तुला त्याच्याकडून काय हवंय?” म्हाताऱ्याने विचारलं.

“तुम्हाला माहीत आहे.”

“मला माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

“आमचं कबरस्तान बाटलंय. बिशपने येऊन ते शुद्ध करायचं असतं. पाणी, मीठ, राख आणि द्राक्षरस मंतरून चारी कोपऱ्यांत शिंपडायचा. ते होईपर्यंत तिथे कुणाला पुरता येत नाही.”

“कशाने बाटलं?”

“रक्ताने.”

“कुणाच्या?”

अन्सेल्मो काठीच्या टोकाने माती उकरू लागला…

उत्तर साऱ्या काप्रेत्ताला पाठ होतं. नेंचोच्या रक्ताने. नेंचो म्हणजे गावात कबरी खणणारा. कबरस्तानाच्या फाटकासमोरच त्याची झोपडी. माणूस दारुडा, तोंडाने फाटका, पण कुदळ धरली की बरा.

झालं असं. वाल्मोरा शहरातला एक बडा माणूस मेला. त्याचं मूळ गाव काप्रेत्ता, म्हणून त्याला तिथे आणला. शहरातली मंडळी आली, मखमल आली, मेणबत्त्या आल्या. अन्सेल्मो सगळ्यांच्या पुढे. बोलोन्याला कायदा शिकून आलेला, लॅटिन कसं घोटीव! त्या दिवशी तर त्याच्या नाकावर माशी बसत नव्हती.

आणि शवपेटी खड्ड्यात जाईना. नेंचोने खड्डा आखूड खणला होता. पेटी तिरकी करून पाहिली, उभी करून पाहिली. आतला बडा माणूस एका बाजूला घरंगळल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. शहरातली एक बाई रुमाल तोंडाला लावून हसली.

“फादर,” नेंचो सगळ्यांदेखत म्हणाला, “मोठा माणूस म्हणालात, मला वाटलं नुसता नावाने.”

तीर्थ शिंपडायचा पितळी दांडा अन्सेल्मोच्या हातात होता. तोच त्याने नेंचोच्या तोंडावर मारला. नाक फुटलं. रक्त खड्ड्यात, मातीत, पेटीवरच्या मखमलीवर पडलं.

दुसरा कुणी असता तर काय केलं असतं? नेंचोला पाणी दिलं असतं, चुकलो म्हणाला असता, खड्डा वाढवायला लावला असता. गावात भांडणं काय होत नाहीत? पण अन्सेल्मो शिकलेला पडला! सगळे त्याच्याकडे बघत होते, शहरातली ती बाईसुद्धा. पायाखालची जमीन सरकली तेव्हा त्याने कायद्याचा आधार घेतला. ताठ उभा राहून त्याने लॅटिनमध्ये नियम म्हटला, मग लोकांच्या भाषेत सांगितला. पवित्र भूमीवर रागाने रक्त सांडलं तर ती भूमी बाटते. बिशप येऊन शुद्ध करेपर्यंत इथे दफन नाही.

शवपेटी उचलून वाल्मोराला परत गेली. अन्सेल्मोने फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला अडकवली.

लोकांना वाटलं, चार दिवसांनी विसरेल. तो विसरला नाही. आता माघार घेतली तर काय म्हणतील? बोलोन्याच्या पंडिताला कायदा कळत नाही म्हणतील? तिसरा उन्हाळा आला तरी कुलूप तसंच होतं. आणि बिशपची वाट बघता बघता अन्सेल्मोचा राग असा वाढला की तो पितळी दांडा कुणाच्या हातात होता, हे तो जवळजवळ विसरून गेला. जे काही झालं ते बिशपमुळे. बिशप आला असता तर…

“नेंचोच्या,” तो शेवटी म्हणाला.

“हं.” म्हाताऱ्याने बोटांची माती झटकली. “लोक मरायचे थांबलेत का?”

“थांबतील कसे?”

“मग पुरतोस कुठे?”

“अक्रोडाच्या शेतात. गावाबाहेर.”

“तिथे कोल्हे आहेत.”

अन्सेल्मोला ते ठाऊक होतं. गेल्या हिवाळ्यात विणकरीण जेम्मा तिचं तान्हं पोर कापडात गुंडाळून त्याच्या दारात आली होती. पोर तापाने गेलं होतं. तिने पाय धरले. म्हणाली, फादर, माझी आई आत आहे, तिच्या पायथ्याशी ठेवा, एवढीशी जागा लागेल. त्याने तिला कायदा समजावून सांगितला. शांतपणे सांगितला, कठोर शब्द एकही वापरला नाही, याचं त्याला तेव्हा समाधान वाटलं होतं.

पोर अक्रोडाच्या शेतात पुरलं. जमीन गोठलेली, खड्डा उथळ. कोल्ह्यांनी उकरलं. जेम्मा त्यानंतर चर्चमध्ये आली ती मिस्साची प्रार्थना चालू असताना. वेदीपर्यंत चालत आली, अन्सेल्मोच्या पायांपुढे थुंकली आणि निघून गेली.

“बाई चुकली नाही,” तो आत्ता एकदम म्हणाला. “फक्त थुंकायला हवं होतं रोममध्ये.”

“रोम लांब आहे.”

“म्हणूनच! म्हणूनच तर संताप होतो माझा! तिकडे तो गाद्यागिरद्यांवर लोळतो आणि इकडे लोकांच्या शिव्या मी खातो! बाबा, तुम्ही मला लहानपणी अक्षरं शिकवलीत. तुम्हीच सांगा, माझी चूक काय? मी नियम पाळला. पाळायचा नाही का?”

म्हातारा पुढच्या कबरीकडे सरकला.

“आज का आलास?”

“म्हणजे?”

“जेम्माचं पोर मेलं तेव्हा आला नाहीस. कोल्ह्यांनी उकरलं तेव्हा आला नाहीस. आज भर उन्हात धावत आलास. का?”

रागामागे जे इतका वेळ दडवलं होतं ते बाहेर आलं.

“आई चाललीय.”

म्हाताऱ्याचा हात गवतावर थांबला. “ओर्सोला?”

“सकाळपासून घरघर लागलीय. आजचा दिवस काढेल, फार तर उद्याचा. मला ओळखते अजून. सारखं एकच म्हणते. तुझ्या वडिलांशेजारी ठेव मला. वडील आत आहेत, बाबा. कुलपाच्या आत. भिंतीजवळ, अंजिराखाली. त्यांच्या शेजारची जागा तिने स्वतः राखून ठेवलीय, दरवर्षी तिथलं गवत काढायची. आणि मी… मी काय सांगू तिला? अक्रोडाच्या शेतात चल म्हणू?”

तो रडायला लागला. मोठ्या माणसाचं रडणं, ओठ दाबून, स्वतःवरच चिडून. म्हाताऱ्याने त्याला रडू दिलं.

“त्या विधीला लॅटिनमध्ये काय म्हणतात रे?” थोड्या वेळाने त्याने विचारलं. “कबरस्तान शुद्ध करायच्या.”

“रेकोन्सिलियात्सिओ.” डोळे पुसता पुसता अन्सेल्मोने स्वच्छ उच्चारात सांगितलं. घर जळत असतं तरी त्याचा उच्चार चुकला नसता.

“आपल्या भाषेत?”

“समेट.”

“कुणाशी?”

“भुईशी.”

“भुई भांडली होती का?”

“बाबा, शब्दांचे खेळ नकोत. मला वेळ नाही.”

“नेंचो कसा आहे?”

“मला काय माहीत! पीत असेल. नाक वाकडं झालंय त्याचं, एवढं दिसतं.”

“बोलला नाहीस त्याच्याशी?”

“काय बोलायचं? प्रश्न नेंचोचा नाहीच. कायद्यात स्पष्ट आहे. रक्त अपघाताने सांडलं तर जमीन बाटत नाही, रागाने सांडलं तर बाटते.”

“म्हणजे तू रागाने मारलंस हे तुला मान्य आहे.”

“कायद्यापुढे मान्य आहे. मी कधी नाकारलं? सगळ्यांदेखत सांगितलं मी.”

“आणि नेंचोपुढे?”

“तो दारुडा आहे, बाबा! कबरी खणणारा! मी त्याच्यापुढे काय…” अन्सेल्मो उठून उभा राहिला. “हे सोडा. मी वाद घालायला आलो नाही, मागणं घेऊन आलोय. तुम्हीच करू शकता.”

“बोल.”

“तुमच्या मठाला कुठल्यातरी जुन्या पोपने सवलत दिली होती. बिशप नसेल तर तुमचा वडीलधारा साधू ते पाणी मंतरू शकतो. लहानपणी तुम्हीच सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं.”

“मग चला! माझ्याबरोबर चला आत्ता. अंजिराखालच्या तेवढ्या जागेवर पाणी शिंपडा. तेवढ्या एका कबरीपुरतं. गावाला कळायचं कारण नाही. आई गेली की मी पहाटे तिला आत ठेवीन आणि पुन्हा कुलूप लावीन. नियमाला धक्का नाही. बिशप येईल तेव्हा बाकीचं करील.”

म्हाताऱ्याने हातातलं गवत खाली टाकलं.

“आणि जेम्माचं पोर?”

“ते… ते झालं गेलं. आता त्याचं काय करणार?”

“ही सवलत तेव्हाही होती, अन्सेल्मो.”

“तेव्हा सुचलं नाही.”

“तेव्हा सुचलं नाही.”

“बाबा, ही माझी आई आहे!”

“आपला तो बाब्या,” म्हातारा म्हणाला. पुढची अर्धी म्हण त्याने तोंडातच ठेवली.

तो उठला. एका कबरीच्या दगडाला धरून, एकेक पाय सरळ करत. हात झग्याला पुसले. चालत अन्सेल्मोच्या अगदी पुढ्यात आला. अन्सेल्मोला वाटलं, तयार झाला. त्याच्या तोंडावर आशा दिसली.

आणि म्हाताऱ्याने त्याच्या तोंडावर सणसणीत चपराक मारली.

म्हातारा ऐंशीच्या घरातला, पण हात जन्मभर कुदळ चालवलेला. अन्सेल्मो भेलकांडला. कठड्याला धरून सावरला. नाकातून रक्ताची धार लागली, ओठांवरून हनुवटीवर आणि खाली कबरींमधल्या गवतावर.

त्याला खरंच वाटेना.

“तुम्ही… मला मारलंत?”

“मारलं.”

“का?”

“राग आला.”

“राग आला म्हणून मारायचं?”

“चांगलाच आला होता.”

अन्सेल्मोने बाहीने नाक दाबलं. बाही भिजली. म्हातारा खाली गवताकडे बघत होता.

“अरेरे,” तो म्हणाला. “हेही बाटलं. कुलूप आणलंयस का?”

“थट्टा करताय माझी?”

“थट्टा कसली? पवित्र भूमी आहे. रक्त सांडलं. रागाने सांडलं. कायदा तुझाच. आता माझं काय होणार? मी मेलो की मला कुठे पुरतील? बोलव बाबा बिशपला. रोमला जाऊन ये पुन्हा.”

“खड्ड्यात गेला तुमचा बिशप!” अन्सेल्मो ओरडला. इतक्या जोरात की मठाच्या छपरावरची कबुतरं उडाली. “बिशप येऊन काय करणार इथे? बिशपचा काय संबंध? मारलंत तुम्ही! नाक माझं फुटलं! माफी तुम्ही मागायची! माझी!”

…

कबुतरं एक चक्कर मारून परत छपरावर बसली.

अन्सेल्मोचं तोंड उघडं राहिलं होतं. आपण काय बोललो ते त्याच्या कानांनी आत्ता ऐकलं. रक्त ओठांत येत होतं, त्याने ते पुसलंही नाही.

म्हाताऱ्याने वेळ घालवला नाही. त्याने दगडाला धरलं, एक गुडघा टेकला, कण्हला, दुसरा टेकला. आणि ज्या पोराला त्याने अ आ इ शिकवलं होतं त्याच्या धुळकट जोड्यांपुढे डोकं टेकवलं.

“चुकलो,” तो म्हणाला. “अन्सेल्मो, मी तुला रागाने मारलं. मला माफ कर.”

“उठा बाबा.”

“आधी माफ कर.”

“बाबा, हे काय करताय, उठा…”

“माफ केलंस का?”

“केलं, केलं!”

“मनापासून?”

अन्सेल्मोने तोंड उघडलं आणि मिटलं. खोटं बोलायला तो तयार होता, पण जीभ वळेना. गाल अजून झणझणत होता.

“अजून नाही,” तो म्हणाला.

“मग मी थांबतो.”

आणि म्हातारा थांबला. उन्हात, गुडघ्यांवर, कपाळ जोड्यांपाशी. अन्सेल्मो वर उभा. त्याला पळून जावंसं वाटत होतं. या म्हाताऱ्याला धरून उचलावं, याच्यावर ओरडावं, याच्या गळ्यात पडून रडावं, सगळं एकदम वाटत होतं. एवढं अवघडलेपण त्याला जन्मात कधी वाटलं नव्हतं. मार खाल्लेल्याच्या हातात इतकं काही असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. म्हाताऱ्याच्या टकलावर घामाचे थेंब जमले होते.

नेंचो त्या दिवशी खड्ड्याच्या कडेला बसून होता, हे अन्सेल्मोला आठवलं. नाकाला हात लावून, वर बघत. सगळे निघून गेले तरी तो तसाच बसून होता. काहीतरी ऐकायची वाट बघत असल्यासारखा. मग फाटकाला कुलूप लावायचं म्हणून अन्सेल्मोने त्याला बाहेर हाकललं होतं.

“राग आहे अजून?” खालून आवाज आला.

“आहे.”

“मलाही आहे. जेम्माचं पोर आठवतंय. तरी माफ कर.”

अन्सेल्मो खाली बसला. म्हाताऱ्याच्या खांद्याला धरून त्याने त्याला सरळ केलं.

“केलं माफ, बाबा.”

या वेळी म्हाताऱ्याने मनापासून का म्हणून विचारलं नाही. त्याने अन्सेल्मोचा दंड धरला, उठला, पाठ सरळ केली. मग वाकून ज्या गवतावर रक्त पडलं होतं ते मुळासकट उपटलं आणि उपटलेल्या बाकीच्या गवताच्या ढिगात टाकून दिलं.

खाली दरीत काप्रेत्ताची छपरं दिसत होती. चर्च, त्याच्या मागे कबरस्तानाची भिंत, भिंतीवरून डोकावणारं अंजीर. फाटकासमोर झोपडी.

“तो हसेल मला,” अन्सेल्मो म्हणाला.

“हसू दे.”

“सगळ्या गावादेखत हसेल.”

“मारलंस तेही गावादेखतच.”

“दार तोंडावर आपटलं तर?”

“तर बाहेर बस.”

“आई तोवर…”

“तर लवकर जा.”

अन्सेल्मोने कमरेची किल्ली चाचपली. दोन पावलं गेला आणि थांबला. बोलोन्याचा माणूस तो, मरतानाही शंका काढणार.

“आणि जेम्मा? तिच्याकडे कुठल्या तोंडाने जाऊ?”

“याच. पुसू नकोस ते रक्त.”

“बाबा, पण कायदा… ते कुलूप मी माझ्या मनाने कसं काढू? तुम्ही तरी चला. पाणी तरी मंतरून द्या. बिशपशिवाय ती भुई…”

म्हातारा पुन्हा कबरींमध्ये जाऊन बसला होता. गवत उपटता उपटता त्याने नुसती मान हलवली.

“बिशप घरीच आहे,” तो म्हणाला. “गुत्त्यावर जायला निघायच्या आत गाठ त्याला.”